रात्रीच्या रॅम्पवर नजर कोणाची? नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली यांस,



मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर खरी वर्दळ सुरू होते ती मध्यरात्रीनंतर. युरोप आणि आखाताकडे जाणारी बरीच विमाने याच वेळात येतात आणि दोन-तीन तासांत परत निघतात. तेवढ्यात प्रवासी उतरतात, सामान निघते, इंधन भरले जाते, आणि विमाने उभी राहतात त्या रॅम्पवर, विमानाखाली दोन-तीन माणसे टॉर्च घेऊन फिरत असतात. टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, तेलाची पातळी, आधीच्या वैमानिकाने विमानाच्या नोंदवहीत, म्हणजे टेक लॉगमध्ये, नोंदवलेला दोष, हे सगळे ती बघतात. त्यांच्यातल्या एकाने सही करून शिक्का मारला की विमान उडायला मोकळे. आमच्या धंद्यात या कामाला लाइन मेंटेनन्स म्हणतात आणि ते जिथून चालते त्याला लाइन स्टेशन. माझी उमेदीची वर्षे याच कामात गेली. या स्टेशनांवर नजर कोणाची, हा प्रश्न आपल्यापुढे जाहीरपणे ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रवाशाला वाटते, विमान भारतात उभे आहे म्हणजे त्याच्या देखभालीवर भारताचे नियम चालतात. तसे नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाला राष्ट्रीयत्व असते, आणि ते विमान जिथे नोंदले गेले त्या देशाचे असते. त्याच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारीही त्याच देशाची. जर्मनीत नोंदलेल्या विमानाचे चाक मुंबईत बदलायचे, तर ते बदलणाऱ्या केंद्राला युरोपच्या नियामकाची, म्हणजे ईएएसएची, देखभाल संस्थांसाठीची पार्ट-१४५ मान्यता लागते. विमान अमिरातीचे असेल तर तिथल्या नियामकाची, जीसीएएची. उलट ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक मिरवणारे आपले विमान दुबईत किंवा बँकॉकमध्ये उभे असेल, तर तिथले काम आपल्या महासंचालनालयाच्या सीएआर-१४५ मान्यतेखालीच व्हायला हवे. कराराच्या १६व्या कलमाने यजमान देशाला उतरलेले परदेशी विमान आणि त्याची कागदपत्रे तपासण्याचा हक्क दिला आहे, पण तो त्या विमानापुरता आणि त्या वेळेपुरता. ते विमान ज्या हातांतून जाते ते केंद्र मात्र प्रत्येक देश आपापल्या परीने, आपापल्या खर्चाने आणि बहुतेक वेळा एकमेकांना न सांगता तपासतो. माझी तक्रार आहे ती या न सांगण्याबद्दल.

पूर्वी बड्या परदेशी कंपन्या मुंबईत आपले अभियंते कायमचे ठेवत. तो खर्च परवडेना तसे हे काम करारावर इथल्या केंद्रांकडे आले. त्यात गैर काही नाही. आपले अभियंते कोणाच्याही तोडीचे आहेत आणि हे काम इथे आले याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे एकाच केंद्राच्या भिंतीवर चार-सहा देशांची मान्यतापत्रे ओळीने लागलेली दिसतात. तोच अभियंता साडेबाराला युरोपच्या विमानाखाली वाकून ब्रेकची झीज दाखवणारी पिन बघतो, दीडला आखाती कंपनीच्या विमानात शिरून गॅलीतली पाण्याची गळती शोधतो, आणि तीनच्या सुमारास आग्नेय आशियातल्या एखाद्या कंपनीच्या विमानातला दोष एमईएलच्या, म्हणजे काय बंद असताना उडता येते याच्या मान्य यादीच्या, आधारे पुढे ढकलायचा की आत्ताच काढायचा हे ठरवतो. जुलैच्या पावसात हे चालते तेव्हा अंगावर रेनकोट असतो आणि मॅन्युअलचा टॅब्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. प्रत्येक टेक लॉगचा फॉर्म वेगळा, प्रत्येक कंपनीची कार्यपद्धती वेगळी. सही तीच असते, तिच्याखाली लिहायचा मान्यता क्रमांक तेवढा बदलतो.

मान्यता देताना प्रत्येक नियामक विचारतो, तुमच्याकडे पुरेशी माणसे आहेत का? केंद्राला मनुष्य-तासांची योजना दाखवावी लागते. अशा योजना मी पाहिल्या आहेत. प्रत्येक योजना आपापल्या जागी बरोबर असते. युरोपच्या निरीक्षकाला दाखवलेल्या योजनेत अमुक अभियंते, आखाती निरीक्षकाला दाखवलेल्या योजनेत अमुक, आपल्या निरीक्षकाला दाखवलेल्या योजनेत अमुक. नावे वाचत गेले की कळते, माणसे तीच आहेत. सगळ्या योजना एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवण्याचे काम कोणत्याच नियामकाचे नाही, म्हणून ती बेरीज कोणीच करत नाही. एका रात्री तीन विमाने एकाच वेळी आली आणि तिन्हींनाही सही करणारा तोच बी-१ लायसन्सवाला अभियंता हवा असला, तर काय होते हे रॅम्पवरच्या माणसांना ठाऊक असते. कागदावर ते कुठेच उमटत नाही.

अवजारांचेही तसेच. मी एका केंद्रात असताना एका परदेशी नियामकाचा लेखापरीक्षक आला. त्याला टूल रूममध्ये एक टॉर्क रेंच सापडला, कॅलिब्रेशनची मुदत उलटून गेलेला. चाकाचे नट ज्या पान्याने ठरावीक जोराने आवळतात तोच हा. त्याने फाइंडिंग, म्हणजे त्रुटीची लेखी नोंद, दिले, ते रास्तच होते. त्याच्या अखत्यारीतल्या विमानांवर तो पाना कुठे कुठे वापरला याची यादी निघाली, ती विमाने तपासली गेली, फाइंडिंग बंद झाले. पण त्याच पान्याने दुसऱ्या देशांच्या विमानांची चाकेही आवळली गेली होती. ते त्या त्या नियामकाला कळवणे त्या लेखापरीक्षकाचे काम नव्हते आणि त्याने ते केलेही नाही. आमचा क्वालिटी मॅनेजर भला माणूस, त्याने स्वतः फोन लावून प्रत्येक कंपनीला सांगितले आणि त्या रात्री आम्ही उरलेली विमाने तपासून घेतली. त्याच्या जागी धंदा जाईल म्हणून घाबरणारा कोणी असता तर? एका माणसाच्या सचोटीवर आपण हे सगळे सोडून दिले आहे, आणि ते मला मान्य नाही.

महोदय, असे तुकड्यातुकड्यांतले नियमन कुठवर जाऊ शकते, याचा सर्वांत कठोर दाखला हेलिऑस एअरवेजच्या अपघाताचा आहे. आपण तो जाणता, पण हे पत्र वाचणाऱ्या सामान्य प्रवाशासाठी सांगतो. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेले बोइंग ७३७ ग्रीसमध्ये ग्रामाटिकोजवळच्या डोंगरावर कोसळले. १२१ जण होते, एकही वाचला नाही. आदल्या रात्री विमान लंडनहून परतले तेव्हा मागच्या सर्व्हिस दाराशी बर्फ धरतो आणि आवाज येतो अशी तक्रार कर्मचाऱ्यांनी लिहिली होती. पहाटे लार्नाकाच्या लाइन स्टेशनवर अभियंत्याने दार तपासले, हवेची गळती होते का हे पाहण्यासाठी जमिनीवरच केबिनचा दाब चढवला, आणि त्यासाठी दाबाच्या पॅनेलवरचा पद्धत निवडण्याचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेला. काम झाल्यावर स्विच तिथेच राहिला. वैमानिकांनी उड्डाणाआधी, इंजिन सुरू करण्याआधी आणि हवेत गेल्यावर अशा तिन्ही तपासण्यांत तो पाहिला नाही. विमान चढत गेले, केबिनमधली हवा विरळ होत गेली. इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा वैमानिकांना तो भलत्याच कारणाचा वाटला. कॅप्टन रेडिओवर जमिनीवरच्या अभियंत्याशी बोलत होता. अभियंत्याने विचारलेही, दाबाचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना? कॅप्टनने उत्तराऐवजी दुसराच प्रश्न विचारला, उपकरणांच्या कूलिंगचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत? प्राणवायू कमी पडू लागला की माणसाचे असेच होते. थोड्याच वेळात कॉकपिटमधून आवाज येणे बंद झाले.

या गोष्टीत सगळा दोष अभियंत्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. ग्रीक तपास मंडळाने स्विच मागे न फिरवणे ही औपचारिक चूक ठरवली नाही, तो फिरवला असता तर शहाणपणाचे झाले असते एवढेच म्हटले. वैमानिकांच्या स्विचची स्थिती लक्षात न आल्याचे स्पष्ट लिहिले. पण त्याच अहवालात मुळाशी असलेल्या कारणांत नियामकाचे नाव आहे. देखरेखीची जबाबदारी वर्षानुवर्षे नीट पार पाडली नाही आणि अनेक लेखापरीक्षणांत नोंदलेल्या उणिवांवर पुरेशी कारवाई केली नाही, असा ठपका सायप्रसच्या नियामकावर आहे. आता या अपघातातल्या माणसांची आणि कागदांची मांडणी पाहा. विमान सायप्रसचे, देखभाल करारावर ब्रिटनच्या मान्यताधारक कंपनीकडे, सायप्रसच्या नियामकाकडे स्वतःची माणसे अपुरी म्हणून तोही ब्रिटनच्या नियामकाच्या निरीक्षकांवर विसंबलेला, आणि विमान पडले ग्रीसमध्ये. लेखापरीक्षणे झाली होती, उणिवा लिहिल्या गेल्या होत्या. त्या उणिवांचे शेवटी काय झाले हे बघणारा एक माणूस, एक कार्यालय नव्हते.

रात्रीच्या कामाबद्दलही एक दाखला देतो. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकाच्या बाजूची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले म्हणून तो वाचला. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट गरजेपेक्षा बारीक व्यासाचे निघाले. माणसे कमी म्हणून शिफ्टच्या प्रमुखाने पहाटेच्या वेळी ते काम स्वतः केले होते. यात सीमेपलीकडचे काही नाही, पण पहाटे तीन ते पाच या वेळात चांगला, अनुभवी माणूस काय करून बसतो ते यात आहे. आपले आणि परदेशी निरीक्षक मुंबईच्या लाइन स्टेशनांवर येतात ते बहुधा सकाळी दहाला, आधी कळवून. त्या वेळी आंतरराष्ट्रीय रॅम्पवर फारसे काही घडत नसते. फायली मात्र सगळ्या जागेवर असतात.

हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणे सुरू केली, ती नॉर्वेच्या नोर्स अटलांटिक कंपनीकडून वैमानिक आणि देखभालीसह भाड्याने घेतलेल्या ७८७ विमानांनी. तिकिटावर भारतीय कंपनीचे नाव आणि केबिनमध्ये आपली मुलेमुली, पण विमानाची उड्डाणयोग्यता नॉर्वेच्या नियामकाकडे आणि त्याखाली युरोपच्या नियमांकडे. मुंबईत त्या विमानावर काही दुरुस्ती झाली, तर ती पार्ट-१४५ मान्यतेखालीच व्हायची. मला त्या विमानांत खोट दिसत नाही, युरोपचे नियम कडक आहेत. पण मँचेस्टरला मुलाकडे निघालेल्या दादरच्या एखाद्या आजींनी उद्या माहितीच्या अधिकारात विचारले की मी ज्या विमानातून गेले त्याची मुंबईतली देखभाल कोणी तपासली, तर आपले कार्यालय काय उत्तर देईल? ते नॉर्वेकडे विचारा, एवढेच?

उलट्या दिशेला आपण आणखी कमकुवत आहोत. आपल्या कंपन्यांची विमाने आता टोरंटोपासून सिंगापूरपर्यंत रोज उतरतात आणि तिथल्या करारावरच्या अभियंत्यांच्या सहीने परत उडतात. नियमाने मान्यताप्राप्त संस्थेची संपूर्ण तपासणी दोन वर्षांच्या आवर्तनात व्हायला हवी. पण मुख्य केंद्र तपासले की तिच्या परदेशातल्या छोट्या छोट्या लाइन स्टेशनांपैकी काहींचाच नमुना घेतला जातो, आणि पद्धत म्हणून हे जगभर असेच चालते. आपल्या निरीक्षकाला तिथे जायला व्हिसा लागतो, यजमान देशाची मान्यता लागते, प्रवासाची मंजुरी लागते, आणि या सगळ्याला इतका वेळ जातो की तो येणार हे केंद्राला महिनाभर आधी कळलेले असते. सार्वभौमत्व आड येत असताना अचानक तपासणी करायची तर यजमान देशाशी आधीच तसा करार हवा. अमेरिकेने २०२४ च्या विमान वाहतूक कायद्यात परदेशातल्या आपल्या मान्यताधारक दुरुस्ती केंद्रांची पूर्वसूचनेशिवाय तपासणी करण्याची तरतूद घातली, तीही आंतरराष्ट्रीय करारांशी सुसंगत राहून. आपणही ते मागू शकतो.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे कोणी फारसे बघत नाही. हिवाळ्यात दाबोळी आणि मोपा या विमानतळांवर युरोप-रशियाची चार्टर विमाने येतात, मार्चनंतर ती थांबतात. काही कंपन्या अभियंता विमानातच बरोबर आणतात, काही हंगामापुरता इथल्या केंद्राशी करार करतात. नियमात अडलेल्या विमानासाठी आणि अधूनमधूनच्या लाइन कामासाठी मान्य ठिकाणाबाहेर काम करायची मुभा आहे, आणि ती असायलाच हवी, नाहीतर बिघडलेले विमान तिथेच अडकून पडेल. पण अधूनमधून म्हणजे किती, हे ठरवणारा माणूस हंगामात गोव्यात असतो का? चार-पाच महिनेच जागी असणारी जागा दोन वर्षांच्या आवर्तनात निरीक्षकाच्या वाट्याला आली तर तो नशिबाचा भाग.

आता आपल्या घरातल्या बळाबद्दल. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने, एफएएने, भारताला हवाई सुरक्षेच्या दुसऱ्या श्रेणीत ढकलले, त्यामागे एक मोठे कारण पूर्णवेळ तांत्रिक निरीक्षकांचा तुटवडा हे होते. आपल्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणे वाढवता येईनात. एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय तपासणीत आपले गुण वाढले हे मी आनंदाने मान्य करतो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल दिला त्यात महासंचालनालयाच्या १,०६३ मंजूर पदांपैकी फक्त ५५३ भरलेली असल्याचे नमूद आहे. जवळपास निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दुसरीकडे देखभालीचा धंदा भारतात यावा म्हणून सरकारने २०२० च्या एप्रिलपासून या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले मोठे केंद्र चालू आहे, नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले आहे. धंदा वाढावा ही माझीही इच्छा आहे. पण काम दुप्पट आणि तपासणारे निम्मे, हा हिशेब कोणत्याही शिफ्ट-इनचार्जला पटणार नाही.

आपल्याच माणसांनी काय पाहिले तेही आठवा. जून २०२५ मध्ये महासंचालनालयाच्या दोन पथकांनी दिल्ली आणि मुंबई विमानतळांवर रात्री-पहाटे व्यापक पाहणी केली आणि २४ जूनला निष्कर्ष जाहीर केले. झिजलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावे लागले. एकदा लिहिलेला दोष त्याच विमानावर पुन्हा पुन्हा उगवत असल्याचे दिसले. देखभाल करताना वर्क ऑर्डर पाळली जात नव्हती, काही दोष टेक लॉगमध्ये लिहिलेच नव्हते, लाइन मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये टूल कंट्रोलची, म्हणजे अवजारांवर नियंत्रण ठेवण्याची, पद्धत पाळली जात नव्हती. हे तुम्ही स्वतः शोधलेत आणि लपवले नाहीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. खात्याने केलेले इतके प्रामाणिक काम मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. रात्री गेले की दिसते, हे त्यातून सिद्ध झाले. पण त्या स्टोअरमधून परदेशी कंपन्यांच्या विमानांसाठीही अवजारे जात असतील, तर हे निष्कर्ष त्या त्या देशाच्या नियामकापर्यंत पोचले का? त्यांच्या लेखापरीक्षकांनी मुंबईत काय पाहिले, ते आपल्यापर्यंत पोचते का?

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी ही की एकाच लाइन स्टेशनला मान्यता देणाऱ्या नियामकांनी आपापली फाइंडिंग एकमेकांना कळवावीत, असे करार आपण पुढाकार घेऊन करावेत. हे अशक्य नाही. युरोप आणि अमेरिकेने विमान सुरक्षेचा करार केला, तो २०११ च्या मे महिन्यापासून अमलात आहे. त्याखाली युरोपातले नियामक अमेरिकेच्या वतीने आणि अमेरिका युरोपच्या वतीने केंद्रे तपासते, आणि दोघांचे निष्कर्ष एकमेकांपर्यंत जातात. चीन, हाँगकाँग आणि मकाव यांनीही देखभाल संस्थांच्या परस्पर मान्यतेची व्यवस्था केली आहे. आपल्याला एकदम परस्पर मान्यतेपर्यंत जायची गरज नाही. माहितीची देवाणघेवाण आधी होऊ द्या. मुंबईत ज्यांची पुष्कळ विमाने उतरतात त्या अमिराती, कतार, ओमान, सिंगापूर आणि युरोप यांच्यापासून सुरुवात करता येईल. एखाद्या केंद्रात टूल कंट्रोलचे गंभीर फाइंडिंग निघाले की ते ठरावीक दिवसांत, नावासह, त्या केंद्राला मान्यता दिलेल्या प्रत्येक नियामकाला जावे. एवढे झाले तरी मघाशी सांगितलेल्या टॉर्क रेंचसाठी कोणाच्या भलेपणावर विसंबावे लागणार नाही.

करार नसला की काय होते हे ब्रिटनने दाखवले आहे. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटन युरोपच्या व्यवस्थेतून बाहेर पडले. युरोपच्या मान्यता ब्रिटनने २०२२ अखेरपर्यंत मानल्या, त्यानंतर स्पेनमधल्या एखाद्या लाइन स्टेशनला ब्रिटिश नोंदणीच्या विमानासाठी वेगळी ब्रिटिश मान्यता घ्यावी लागू लागली. हँगर तेच, माणसे तीच, मॅन्युअलही तीच. मान्यतापत्रे दोन झाली आणि लेखापरीक्षणे दुप्पट. त्यातून सुरक्षा वाढली असे म्हणणारा एकही अभियंता मला भेटलेला नाही, कागद सांभाळण्यात रात्रपाळीचा वेळ गेला असे सांगणारे मात्र खूप भेटतात.

दुसरे मागणे माणसांच्या तासांबद्दल. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर आपण कायद्याने मर्यादा घातली आहे. अभियंत्यांसाठी पार्ट-१४५ आणि आपली सीएआर-१४५ शिफ्ट आखताना मानवी मर्यादा लक्षात घ्या असे सांगते, आणि बहुतेक जागी ते वाक्य मॅन्युअलमध्ये उतरवून घेतले की काम संपते. माझी विनंती आहे की प्रत्येक लाइन स्टेशनला सर्व देशांच्या मान्यता मिळून एकच मनुष्य-तासांची योजना ठेवायला लावावी. कोणत्या अभियंत्याने कोणत्या रात्री किती देशांच्या किती विमानांवर सह्या केल्या, हे एका नजरेत दिसले पाहिजे. ही माहिती आजही केंद्राकडे असते, वेगवेगळ्या फायलींत विखुरलेली. ती एकत्र मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण केंद्र आपल्या जमिनीवर आहे आणि सर्वांत आधी आपली मान्यता घेऊन उभे आहे.

परदेशातल्या आपल्या लाइन स्टेशनांच्या तपासणीचा गोषवारा जाहीर करा, हेही माझे मागणे आहे. कंपन्यांची व्यापारी गुपिते नकोत, ठिकाण, तपासणीचा महिना, फाइंडिंगचा स्तर आणि ते बंद झाले की नाही एवढेच पुरे. आणि रात्रीच्या पाहण्या २०२५ च्या जूनपुरत्या न राहता चालू ठेवा, गोव्याच्या हंगामासकट.

यावर मिळणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. आमच्याकडे माणसे नाहीत, हे पहिले. ते खरे आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या देशाच्या निरीक्षकाने मुंबईत केलेले काम फुकट जाऊ न देणे आपल्याच हिताचे आहे. दुसरे उत्तर, अशी माहिती बाहेर गेली की केंद्रे फाइंडिंग लपवतील. माझा अनुभव उलट आहे. लपवाछपवी वाढते ती एका नियामकाला दाखवलेले दुसऱ्याला कळणार नाही याची खात्री असते तिथे. तिसरे, परदेशी नियामक ऐकणार नाहीत. पण त्यांच्या विमानांवर मुंबईत रोज रात्री आपल्या मुलामुलींच्या सह्या होतात. या सह्यांमागे काय आहे हे जाणून घ्यायला त्यांना का नको असेल?

१ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि १९३४ चा जुना कायदा गेला. नव्या कायद्याखाली नियम बांधण्याचे काम आपल्या खात्यापुढे आहे. लाइन स्टेशनांची फाइंडिंग देशोदेशींच्या नियामकांनी एकमेकांना कळवण्याची तरतूद त्या नियमांत घाला, आणि तिचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करताना तो रॅम्पवरच्या अभियंत्यांपर्यंतही पोचवा. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
विलेपार्ले, मुंबई